चिंचेने घासलेला गरुड

सुभाष रामटेके खोटं बोलायचा नाही, पण जे बोलायचा ते अर्धंच. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याने आपल्या स्वभावाप्रमाणे भरून घ्यायचं. त्याच्या बाबतीत जे काही घडलं, ते या सवयीमुळे घडलं असं माझं मत आहे.

१९९६ च्या उन्हाळ्याच्या शेवटी मी माझ्या मुलीकडे, सुजाताकडे, व्हर्जिनियातल्या हर्नडनला राहायला गेले होते. पार्किंगच्या पलीकडच्या इमारतीत सुभाष आणि भावना राहत. नागपूरच्या ज्या शाळेत मी शिकवायचे, तिथे भावना माझी विद्यार्थिनी होती. पुढच्या बाकावर बसायची आणि दुसऱ्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते आधी बघायची. इतक्या वर्षांनी मला पाहिल्यावर ती पार्किंगमध्येच वाकून नमस्कार करायला लागली. हातातली दुधाची कॅन तिने गाडीच्या टपावर ठेवली आणि तिथेच विसरली.

सुभाष सॉफ्टवेअरमध्ये होता. किडकिडीत, चष्मा, शर्टाची सगळी बटणं लावलेली. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी दिवसभर कानाला हेडफोन लावून, हातात लांब दांड्याचा मेटल डिटेक्टर घेऊन शेतात. हर्नडनहून अर्ध्या-पाऊण तासावर मनॅसस आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथे दोनदा मोठी लढाई झाली. तिथल्या मातीत अजून गोळ्या, बटणं, बुटांचे नाल सापडतात. सुभाषला यातलं फक्त सैनिकांच्या कंबरपट्ट्याचं बक्कल हवं असायचं.

"बटणं काय, कोणाचीही तुटतात," तो मला म्हणाला होता. "बक्कल असं पडत नाही, बाई. बक्कल पडलं म्हणजे माणसाचं काहीतरी झालं."

ती बक्कलं तो एका कपाटाच्या खणात कापसावर ठेवायचा. एक लंबगोल, मधोमध गोळी लागून वाकलेलं. एकाचा अर्धाच तुकडा. सगळी हिरवट-काळी, शेवाळ धरल्यासारखी. प्रत्येक कुठे सापडलं, उताणं होतं की पालथं, हे तो हळू आवाजात सांगायचा. बक्कलंच का, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही. ते मला भावनाकडून कळलं. त्याचे वडील महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. घरात त्यांचा पट्टा खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, सुभाषला तर नाहीच. पोरगा चष्म्याचा, छातीत कमी. सैन्यात जाणार नाही हे वडिलांनी लवकर ओळखलं होतं आणि बोलूनही दाखवलं होतं.

या छंदाचे काही नियम आहेत. जिथे लढाई झाली ती बरीचशी जमीन आता सरकारी पार्क आहे. तिथे खणणं म्हणजे केंद्र सरकारचा गुन्हा. आजूबाजूच्या खाजगी शेतात मालकाच्या परवानगीने खणता येतं. खड्डा बुजवायचा, गवताचा थर पुन्हा जागेवर बसवायचा आणि निघण्याआधी जे सापडलं ते सगळं मालकाला दाखवायचं. मालक म्हणाला ठेव, तर ठेवायचं. सुभाषचे मालक होते मिस्टर टॉलिव्हर. एकटे राहणारे, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या शेताच्या एका कडेला ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे पार्क.

ते कुंपण भावनाच्या डोक्यात बसलं होतं. डिसेंबरात त्यांची ग्रीन कार्डची मुलाखत होती. कितीतरी वर्षं व्हिसावर काढल्यानंतरची मुलाखत. त्या ऑफिसरने विचारलं असतं, कधी कोणता गुन्हा? आणि नवरा दर रविवारी सरकारी हद्दीला लागून कुदळ घेऊन उभा. पोलिसात एक तक्रार गेली की बॅगा भरून नागपूर, हे ती मला भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, लिफ्टमध्ये, कुठेही सांगायची.

आमच्या जावयाने, विनयने, त्यात भर घातली. आमच्या घरी चार कुटुंबं जेवायला जमली होती, तेव्हा तो म्हणाला, "यार सुभाष, खरं सांग. कुंपणापलीकडे कधी पाय टाकतोस की नाही? तिकडे तर खजिना असेल."

सुभाष हसला आणि भाताचा डाव उचलला.

"बघा, हसला," विनय म्हणाला. "साहेब आत जाणार, आणि वहिनी डबा घेऊन भेटायला."

सगळे हसले. भावनाच्या हातातली पोळी तशीच राहिली. नाही म्हणायला काय जात होतं, हे ती मला नंतर दोनदा म्हणाली.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी, सुभाष ऑफिसला गेल्यावर, ती मला बोलवायला आली. स्वयंपाकघरात बसवून तिने चहा टाकला आणि न गाळताच गॅस बंद केला.

"बाई, काल हे आले ते सरळ बेडरूममध्ये. बूट न काढता. खिशात मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. यांना गंजका खिळा सापडला तरी मला उठवून दाखवतात. काल काहीच नाही. खणाला कुलूप."

"विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाले, बघू नंतर."

"मग नंतर बघ."

तिने पदराआडून, म्हणजे सलवार-कमीजच्या ओढणीआडून, तो मोजा काढला. कुलपाची दुसरी किल्ली कुठे असते ते तिला ठाऊक होतं. मोज्यातून निघालं ते चौकोनी बक्कल होतं, माझ्या तळहाताएवढं. मातीच्या आणि हिरव्या थराखाली पंख पसरलेला गरुड दिसत होता. असं साबूत बक्कल त्याच्या खणात एकही नव्हतं.

"हे शेतातलं असतं तर लपवलं असतं का?" तिने विचारलं.

फ्रिजवर मिस्टर टॉलिव्हर यांचा फोन नंबर लावलेला होता. मी चहा गाळायला उठले तेवढ्यात तिने तो फिरवला. तिचं इंग्रजी ऑफिसमध्ये वापरायचं, फार नम्र. माझे पती तुमच्याच जमिनीत खणतात ना, एवढंच तिला विचारायचं होतं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती म्हणाली, "ते काल मिळालेलं मोठं, गरुडाचं." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ते म्हणाले, मला असं काही दाखवलेलं नाही."

बक्कल तिने मोज्यात, मोजा खणात, खणाला कुलूप, सगळं होतं तसं ठेवलं. फोनचं सुभाषला सांगू नका, असं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, तू सांग. ती हो म्हणाली.

त्याच आठवड्यात सुभाषचे वडील आले. मनोहर रामटेके. विमानात पहिल्यांदा बसलेले, तरी इस्त्री मोडलेली नव्हती. त्यांना सगळे बाबा म्हणायचे, मीही. अपार्टमेंट पाहून झाल्यावर ते म्हणाले, "चांगलं हाय. पण पहाऱ्याले कोणीच नाही इथं?"

जेवण झाल्यावर सुभाष आतून तो मोजा घेऊन आला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. मी समोरच बसले होते. त्याचे कान लाल झाले होते.

बाबांनी बक्कल उलटंसुलटं केलं. "ऑफिसरचं दिसते," ते म्हणाले. "कुठं भेटलं?"

"जमिनीत. शेतात."

"हं." त्यांनी नखाने हिरवा थर खरवडून पाहिला. "लय घाण ठेवलं."

सुभाषने मान हलवली आणि ते परत घेऊन आत गेला. त्या रात्री भावना मला म्हणाली की यांचा चेहरा पाहवला नाही. पण त्याने खण उघडाच ठेवला होता, कारण आता लपवण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर बाबा बाल्कनीत पाट मांडून बसले होते. शेजारी वाटीत चिंचेचा कोळ, थोडं मीठ आणि त्यांचीच एक जुनी बनियन. बक्कल उन्हात झळकत होतं. मातीचा कण नाही, हिरवं काही नाही. गरुडाचं पीस न् पीस मोजता आलं असतं.

"इकडं राख भेटत नाही," बाबा मला म्हणाले. "राख असती तर अजून निघालं असतं. मेलेल्या शिपायाचं असल हे, मॅडम. त्याला असं ठेवतात का?"

संध्याकाळी सुभाषने पाहिलं. तो ओरडला नाही. जमिनीतून निघालेलं पितळ कधी घासायचं नसतं. त्या थरावरूनच जाणकार ओळखतात की वस्तू खरी आहे आणि कुठल्या मातीतली आहे. हे त्याने बाबांना सांगितलं नाही. तो स्वयंपाकघरात गेला आणि भावनाला म्हणाला, "चिंच तू दिलीस?"

"मागितली, दिली. मला काय माहीत काय घासणार आहेत."

"तुला माहीत नव्हतं?"

"पितळेची वाटी असेल म्हटलं."

घरात पितळेची वाटी नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिने मुद्दाम दिली, की बाबांना नाही म्हणवलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात आन्सरिंग मशीनवरचा दिवा लुकलुकताना त्याला दिसला. त्याने बटण दाबलं आणि मिस्टर टॉलिव्हर यांचा निरोप संथ आवाजात स्वयंपाकघरात ऐकू आला. गरुडाचं बक्कल घेऊन शनिवारी ये. पार्कवाल्यांनी मला आधीच बजावलंय की माझ्या शेतातून लोक पलीकडे जातात. तू त्यातला आहेस की नाही ते मला बघू दे, नाहीतर सोमवारी मला त्यांना फोन करावा लागेल.

सुभाष मशीनसमोर उभा राहिला. "यांना कसं कळलं?" तो म्हणाला. भावना सिंककडे तोंड करून भांडी घासत होती. शेवटी त्याने ठरवलं की विनयनेच कुठेतरी बडबड केली असणार. दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये विनय दिसला की हा मनगटावरचं घड्याळ बघत घाईत असल्यासारखा दुसरीकडे वळायचा, आणि मनगटावर घड्याळ नसायचं.

शनिवारी भावना म्हणाली, मी येत नाही, डोकं दुखतंय. "बाई, तुम्ही जा. बाबांना इंग्रजी नाही, यांना धड बोलता येत नाही." मी गेले. मागच्या सीटवर बाबा ताठ बसले होते, मांडीवर रुमालात बक्कल. त्यांना एवढंच सांगितलेलं होतं की शेताच्या मालकाला ते बघायचं आहे.

मिस्टर टॉलिव्हर पायरीवरच उभे होते. खांद्याला पट्टे असलेली जीन्सची ओव्हरऑल, डोळे निळे आणि बारीक. त्यांनी रुमाल उघडला आणि बक्कलकडे न बघता सुभाषकडे बघितलं.

"हे जमिनीतून आलेलं नाही," ते म्हणाले. "हे दुकानातलं आहे. किंवा मग कोणीतरी माती धुऊन टाकलीय, कुठली ती कळू नये म्हणून."

"माझ्या वडिलांनी घासलं," सुभाष म्हणाला. आणि थांबला. नेहमीसारखा अर्ध्यावर.

"बरं. आणि मला का दाखवलं नाहीस?"

सुभाष बुटांकडे बघत राहिला. मला शाळेतली मुलं आठवली, फळ्यापाशी उभी केलेली, उत्तर येत असलेली.

"काय म्हणून राहिले ते?" बाबांनी मला विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, पार्कचं आणि सोमवारच्या फोनचंही. बाबांनी ऐकलं आणि ते मुलाकडे वळले.

"हे यांच्या वावरातलं होतं?"

"हो, बाबा."

"आन् यांना न दाखवता तू घरी आणलं? दुसऱ्याच्या वावरातलं? काहून?"

"तुम्ही येणार होता म्हणून," सुभाष म्हणाला. त्याचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "इथे दाखवलं असतं आणि ते म्हणाले असते इथेच ठेव, तर? तुम्हाला आधी दाखवायचं होतं. एवढंच. मग परत आणून दाखवणारच होतो."

बाबा बक्कल परत रुमालात घेऊन त्याची घडी करायला लागले, आणि ती त्यांना नीट जमेना.

मिस्टर टॉलिव्हर यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही. "गोष्ट चांगली आहे," ते म्हणाले. "चांगल्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात. जागा दाखव."

आम्ही चालत ओढ्याकडे गेलो. सुभाष एका अक्रोडाच्या झाडापासून पावलं टाकत गेला, थांबला, मागे आला, पुन्हा थांबला. कुंपण तिथून हाकेच्या अंतरावर होतं. खाली सगळं सलग गवत. खड्डा त्याने इतका काळजीने बुजवला होता की तो त्यालाच सापडेना.

"इथेच," तो म्हणाला. "इथेच कुठेतरी."

"कुठेतरी," मिस्टर टॉलिव्हर म्हणाले आणि कुंपणाकडे बघितलं. मीही बघितलं. खोटं का सांगू, त्या क्षणी मलाही वाटलं की याने आपल्याला फसवलं.

सुभाषने चष्मा पुसला. "त्या दिवशी आणखी एक आवाज आला होता, जवळच. अंधार पडायला लागला म्हणून खणलं नाही." तो गाडीकडे गेला आणि मशीन घेऊन आला. हेडफोनची वायर त्याने काढून टाकली, आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून. मग तो दांडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत पुढे सरकत राहिला. बराच वेळ मशीन नुसतं गुरगुरत होतं. बाबा हात मागे बांधून त्याच्या मागोमाग चालत होते. मुलाला काम करताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मग एक स्वच्छ, उंच सूर लागला. सुभाष खाली बसला आणि खुरप्याला हात घातला.

"थांब," मिस्टर टॉलिव्हर म्हणाले. "मी."

ते गुडघ्यांवर टेकले. स्वतःच्या चाकूने त्यांनी गवताचा थर कापला आणि उचलून उलटा धरला. मुळं आरपार, घट्ट, कुठेही तुटलेली नव्हती. इथे कोणी हात घातलेला नाही हे मलाही कळलं. त्यांनी बोटांनी लाल माती उकरली. आतून निघाली एक पितळी कडी, हिरवीगार, चामड्याचा काळा कपटा चिकटलेली. कंबरपट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असते ती, जिच्यात बक्कल अडकवतात.

त्यांनी बाबांकडे हात पुढे केला. बाबांनी रुमालातून बक्कल काढून दिलं. झळकणारं बक्कल आणि मातीने भरलेली कडी, मिस्टर टॉलिव्हर यांनी एकात एक अडकवली. बसली. थोडी कुरकुरली, पण बसली.

मग उठायला त्यांना हात लागला, तो सुभाषने दिला.

"हे दोन्ही माझ्या घरी राहणार," ते म्हणाले. "आणि तुझ्या वडिलांना सांग, ही कडी कोणी घासणार नाही."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "जशी मर्जी. पण जोडी शोभत नाही." हे मी भाषांतर केलं नाही.

सोमवारच्या फोनचं कोणी काढलं नाही. सुभाषने खड्डा बुजवला आणि आम्ही घराकडे निघालो. फाटकापाशी मिस्टर टॉलिव्हर म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, आता शांत झोप म्हणावं. फोनवर फार घाबरलेली वाटली."

सुभाष थांबला. "माझी बायको?"

म्हातारा माणूस हुशार होता. त्याने सुभाषकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि फाटक लावून घेतलं.

गाडीत, अर्ध्या रस्त्यावर, सुभाषने आरशातून विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिथे होते."

"तिला वाटलं मी पार्कात खणतो."

"तू कधी नाही म्हणालास का तिला?"

त्याने सिग्नलला गाडी थांबवली. हिरवा झाला तरी थांबूनच राहिला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"विचारलं असतं तर म्हणालो असतो," तो म्हणाला.

"विचारलं होतं रे. विनयने, सगळ्यांसमोर. तू भात वाढून घेतलास."

बाबा माझ्या शेजारून म्हणाले, "हे असंच हाय लहानपणापासून. मास्तर मारायचे तरी बोलत नव्हतं." त्यात तक्रार होती की अभिमान, मला ओळखता आलं नाही.

घरी भावना दारातच उभी होती. तिने तिघांचे चेहरे वाचले आणि कोणालाच काही विचारलं नाही. सुभाषने बूट काढले, ओळीत लावले आणि म्हणाला, "मी कुंपणापलीकडे कधी गेलेलो नाही. एकदाही नाही. जाणारही नाही." एवढं लांब वाक्य त्या घरात बऱ्याच दिवसांत बोललं गेलं नसावं. भावना म्हणाली, "बरं." मग ती आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

विनयकडे तो दुसऱ्या दिवशी गेला आणि सॉरी म्हणाला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. विनय आठवडाभर मला विचारत होता, "आई, हा सॉरी कशाबद्दल म्हणाला?"

डिसेंबरातली मुलाखत झाली. ऑफिसरने गुन्ह्याचं विचारलं, सुभाष नाही म्हणाला आणि शेजारी बसलेल्या भावनाने, असं तिनेच मला सांगितलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ग्रीन कार्ड मंजूर झालं. बाबा त्याआधीच, थंडी सोसेना म्हणून, नागपूरला परतले होते.

मार्चमध्ये मी निघण्याआधी एका रविवारी त्यांच्याबरोबर शेतावर गेले होते. एव्हाना भावना दर रविवारी जायला लागली होती. मोकळी हवा बरी वाटते, असं ती सांगायची. घडीची खुर्ची ती कुंपणाला पाठ लावून टाकायची, मांडीवर विणकाम, तोंड नवऱ्याकडे. मिस्टर टॉलिव्हर कॉफी घेऊन आले तेव्हा त्यांनी तिला विचारलं की ती पार्कची राखण करते की नवऱ्याची. "दोघांची," ती म्हणाली.

त्या दिवशी सुभाषला एक साधं बटण सापडलं. त्याने ते आधी मिस्टर टॉलिव्हर यांना दाखवलं. मग तो तिच्याकडे आला आणि तळहात पुढे केला. तिने बटण उचललं, अंगठ्याने माती चोळून पाहिली आणि विचारलं, "कुठून?"

त्याने हात लांब करून जागा दाखवली. ती आधी तिकडे, मग वळून मागच्या कुंपणाकडे बघत राहिली, आणि बघून झाल्यावरच बटण परत दिलं.